कवायतीचा तास आता माझ्याकडे

यमू, तुझा कवायतीचा तास मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात मारला आहे. तुला जाऊन अजून पंधरवडाही झाला नाही. "तुम्ही दोघी सदा बरोबर असायचात, तेव्हा तुम्हालाच ठाऊक त्या काय करायच्या ते," असं म्हणून त्यांनी वेळापत्रकात तुझ्या नावावर काट मारली आणि माझं नाव घातलं. इतकी वर्षं खिडकीत बसून जिने तुझ्या तासाला नावं ठेवली, तिच्याच हाती तो यावा, याची तुला केवढी गंमत वाटली असती! पदर तोंडाला लावून हसत बसली असतीस.

तुझ्या चाळीत शोकसभा झाली. बुद्धवंदना झाली, मग संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं बोलली. तू मोर्चात कशी पुढे असायचीस, अश्रुधुराने डोळे सुजलेले असताना दुसऱ्या दिवशी वर्गावर कशी हजर व्हायचीस, सगळं सांगितलं त्यांनी, आणि ते सगळं खरंच होतं. शेवटी तुझा भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "आता शाळेतल्या बाई दोन शब्द बोलतील." मी उभी राहिले. पुढ्यात तुझी आई बसली होती. माझ्या तोंडून निघालं, "यमुनाबाई फार मनमिळाऊ होत्या." यमू, तू आणि मनमिळाऊ! शाळेत एक माणूस दाखव ज्याच्याशी तू भांडली नाहीस. शिपायाशी पाण्याच्या पिंपावरून, मोठ्या बाईंशी वेळापत्रकावरून, आणि माझ्याशी तर रोज, विषय मिळेल त्यावरून. ते मला तिथे सांगता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

घरी बोलायची सोय नाही. फणसवाडीत आमच्या दोन खोल्या, त्यात दादा-वहिनी, त्यांची मुलं आणि मी. तू गेलीस त्या संध्याकाळी वहिनीने विचारलं, "त्या तुमच्या शाळेतल्या बाई गेल्या का हो? काविळीनं ना?" मी हो म्हटलं. "वाईट झालं," ती म्हणाली, "लहान होत्या," आणि पुन्हा भाजी चिरायला लागली. ती काही वाईट नाही. तिच्या लेखी शाळेतली एक बाई गेली. माझं काय गेलं ते मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, तर तिला कळणार कसं? तुला किती वेळा म्हटलं होतं, एकदा ये गं गिरगावात. तू म्हणायचीस, "तुमच्या वाडीत मी कोण म्हणून येऊ?" मी म्हणायची, मैत्रीण म्हणून. तू हसायचीस आणि विषय बदलायचीस. मीच मग तुझ्याकडे यायची, आणि तुझी आई मला सुक्या बोंबलाची चटणी वाढायची. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मासे खाणारी माणसं, पण तसली चटणी आमच्या घरात कधी कुणाला जमली नाही.

तू शाळेत पहिल्यांदा आलीस तो दिवस मला आठवतो. पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी आणि व्यायामाच्या शिक्षणाचा रीतसर दाखला. त्याआधी आमच्याकडे कवायत म्हणजे काय होतं? एक बाई आवारात खुर्ची टाकून बसायच्या, पोरींना उन्हात उभं करायच्या आणि "दक्ष", "विश्राम" म्हणत स्वेटर विणायच्या. तू आलीस आणि आवाराला जाग आली. हात वर म्हटलं की चाळीस हात एकदम वर. पहिल्याच वर्षी वॉर्डातल्या शाळांमध्ये आपल्याला ढाल मिळाली. मोठ्या बाईंनी ती कपाटावर ठेवली आणि येईल त्याला दाखवली. मला तू तेव्हा फार आवडायचीस. शिस्तीची बाई म्हणून.

ढालीसाठी तू पोरी निवडायचीस. सारख्या उंचीच्या, चपळ, खणखणीत. उरलेल्या भिंतीशी बसायच्या. जिला दम लागतो ती, जिचा पाय अधू ती, जिला डावं-उजवं कळत नाही ती. त्यांना काम काय? पळणाऱ्या पोरी चपला काढून ठेवायच्या, त्या चपलांची राखण. सगळ्याच शाळांत अशी रीत होती. आम्ही शिकलो तेव्हाही हीच होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, तुलाही नाही.

मग तो हिवाळा आला. लालबाग-परळात गोळीबार झाला, शाळा बंद पडल्या. पुन्हा उघडल्या तेव्हा वर्ग अर्धेमुर्धे भरायचे. तू म्हणालीस, "पोरी घरात कोंडून कोंडून सुकल्यात गं, आधी त्यांना पळवू." दुसरीचा वर्ग तू मागच्या आवारात नेलास, गिरणीच्या भिंतीपाशी ओळीत उभा केलास आणि पळायला सुरुवात म्हणून नेहमीसारखी जोरात शिट्टी फुंकलीस.

त्या दिवसांत गच्च्यागच्च्यांवर पोरं पहाऱ्याला बसत. पोलिसांची गाडी नाक्यावर दिसली की वरून शिट्टी वाजायची, आणि खालची बायकापोरं हातातलं काम टाकून घरात शिरायची. आपल्या पोरी त्याच चाळींतल्या. त्या तू आखून दिलेल्या खुणेकडे पळाल्याच नाहीत. आवाराचं फाटक ओलांडून थेट समोरच्या चाळीत! बायकांनी कुणाची पोर आहे तेही न बघता एकेकीला आत ओढलं आणि धडाधड कड्या घातल्या. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आवार रिकामं. मी खिडकीतून खाली धावले तोवर तू चाळीच्या गॅलरीत दारं ठोठावत होतीस. "अहो, पोलीस नाहीत, मी शाळेतली बाई आहे! माझ्या पोरी द्या!" आतून एक बाई ओरडली, "पयलं नाव सांगा! काल पन असंच कोन सांगत व्हतं!"

पुढे हा किस्सा आपण किती रंगवून सांगितला, सांगताना किती हसलो. पण त्या दिवशी तू हसली नव्हतीस. सगळ्या पोरी गोळा करून तू आवारात परतलीस तेव्हा चपलांच्या ढिगापाशी इंदू होती. तिचा एक पाय लहानपणच्या तापात वाळलेला. शिट्टी वाजल्यावर तिला पळता येईना, म्हणून ती चपलांवर पालथी पडून, डोक्यावर दोन्ही हात घेऊन तशीच राहिली होती. तू तिच्याजवळ मातीत बसलीस. तास संपल्याची घंटा झाली तरी उठली नाहीस.

संध्याकाळी ट्रामच्या थांब्याकडे जाताना तू म्हणालीस, "पळालेल्यांचं मला काही वाटत नाही, कुसुम. कुठं पळायचं ते त्यांना ठाऊक होतं. ही पोरगी रोज माझ्या तासाला येते. मी तिला काय शिकवलं? बसायला." मी म्हटलं, "तिच्या पायाला तू काय करणार?" दुसऱ्या दिवसापासून शिट्टी तुझ्या गळ्यात दिसली नाही.

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू नियम केलास की जो खेळ इंदूला खेळता येणार नाही, तो आपल्या वर्गाचा खेळ नव्हे. गिरणीतून टाकून दिलेल्या, सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिन मागून आणल्यास आणि त्यांची लगोरी केलीस. जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांचे चेंडू पोरींकडूनच शिवून घेतलेस. एक मोठी ओळ मोडून पाच-सहा जणींचे घोळके केलेस. कुणी पळणारी, कुणी फेकणारी, कुणी बसून बॉबिन रचणारी, आणि सगळ्यांनी सगळं आळीपाळीने करायचं. इंदूचा हात रचण्यात इतका चलाख झाला की पोरी तिला आपल्याकडे घेण्यासाठी भांडायला लागल्या. ओळीत उभं राहून आपल्या पाळीची वाट बघणं हा कसला व्यायाम, असं तू म्हणायचीस.

माझ्या कपाळावर आठ्या. केवढा तो गोंगाट! खाली तुझा तास आणि वर माझं भाषेचं पुस्तक. एकदा मी खिडकीतून ओरडले, "यमू, हा तास आहे का मासळीबाजार?" तू खालून तोंड वर करून म्हणालीस, "बाजारात कुणी रिकामं उभं असतं का गं?" पोरी खिदळल्या, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या वर्षी ढाल गेली. तपासणीला आलेले साहेब शिस्त ढासळली म्हणून शेरा देऊन गेले. मोठ्या बाई तुझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

मी तुला शहाणपण शिकवायला आले. म्हटलं, "सगळ्यांना सगळं यायलाच पाहिजे का? गणितात एखादी नापास झाली तर आपण काय गणितच बदलतो?" तू ओठ मुडपून म्हणालीस, "गणितात नापास झालेलीला आपण परत शिकवतो. कवायतीत नापास झालेलीला चपलांची राखण देतो." मनातून मला ते पटलं. पण मी हार मानली असं तुला कधी वाटू दिलं नाही, कारण तू मग भांडायला आली नसतीस. यमू, खरं सांगायचं तर तुझ्याशी भांडणं हाच माझ्या दिवसातला बरा भाग होता. बाकीच्या दिवसात मी कुणाची बाई, कुणाची आत्या, कुणाची नणंद. तू भांडायचीस तेव्हा मी नुसती कुसुम असायची.

पुढे इंदूच्या बापाचं काम सुटलं आणि ती सगळी कोकणात गेली. नियम मात्र राहिला. इंदूच्या जागी दरवर्षी कुणीतरी असायचीच. आताच्या चौथीत ती सरू आहे. दम्याने बेजार, चार पावलं धावली की छातीत शिट्ट्या वाजतात. आणि त्याच वर्गात तारा आहे. तारा पळते तेव्हा वाटेत काही आहे हे तिला दिसतच नाही. तू नेमकी ह्या दोघींची जोडी लावलीस. एका फडक्याची दोन टोकं दोघींनी धरायची आणि ते ताणलं न जाऊ देता पळायचं.

ते बघून मात्र मला राहवेना. गेल्या सहामाहीत मी तुला शिक्षकखोलीत गाठलं. "राखणीला बसणाऱ्या पोरींचं तुझं खरं, मान्य. पण तारेचं काय? तिला देवाने पाय दिलेत आणि तू ते फडक्याला बांधतेस. बसणारीला उठवायचं म्हणून पळणारीला अडवायचं, हा कुठला न्याय?" मी तयारीनेच आले होते. तू नेहमीसारखी फटकन बोलशील म्हणून पुढचं वाक्यही जुळवून ठेवलं होतं. तू चहाचा कप खाली ठेवलास. मग म्हणालीस, "थांब. विचार करून सांगते."

मग तुला ताप येऊ लागला. परळच्या इस्पितळात मी भेटायला आले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तुझी आई पायाशी बसलेली. बाहेर सगळीकडे एकच बोलणं चाललं होतं, आता राज्य मिळणार, मुंबई आपल्याला मिळणार. तू मला खूण करून जवळ बोलावलंस. मला वाटलं काही निरवानिरवीचं सांगणार. तू म्हणालीस, "तुझ्या तारेचं अजून सुचलं नाही गं मला." मी म्हटलं, घाई नाही. घाई होती, हे मला कळायला हवं होतं का? कळलं असतं तरी मी दुसरं काय बोलणार होते?

आता झालंय असं की नव्या राज्याचा सोहळा म्हणून वॉर्डातल्या शाळांची मैदानावर कवायत ठरली आहे. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, निवडक पोरी काढा, सारख्या उंचीच्या, पांढरे ब्लाऊज, आणि सगळ्यांच्या पुढे झेंडा घेऊन तारा धावेल. मी म्हटलं, "चौथीच्या सगळ्या येतील." त्या म्हणाल्या, "सरूसुद्धा? कुसुमबाई, सगळ्यांना सगळं यायलाच पाहिजे का?" माझंच वाक्य, शब्द न शब्द! मग त्या शिस्तीवर बोलल्या, तपासणीच्या शेऱ्यावर बोलल्या. सगळे माझेच मुद्दे, आणि मी तुझी उत्तरं देत होते. गणिताचं दिलं, बाजाराचं दिलं, चपलांचं तर टेबलावर हात आपटून दिलं. शेवटी मी म्हटलं, "सगळ्या, नाहीतर कुणीच नाही." त्या चष्मा काढून शांतपणे म्हणाल्या, "बरं. कुणीच नाही." आणि आपली जागा दुसऱ्या शाळेला देऊन टाकली.

मी ताठ मानेने बाहेर आले. जिन्यापर्यंत पोचले आणि पायरीवर बसले. ह्या दिवसासाठी तू लाठ्या चुकवल्या होत्यास. आवाज बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्यास. तुझ्या शाळेच्या पोरींनी त्या मैदानावर झेंडा घेऊन धावावं, असं तुला वाटलं नसतं? कदाचित तू म्हणाली असतीस, एक दिवस मरू दे माझा नियम. कदाचित नसतीस म्हणाली. मला खरोखर माहीत नाही, यमू. तुझ्या नावाने भांडले आणि तुला काय हवं होतं हेच मला माहीत नव्हतं.

आज सकाळी चौथीचा तास होता. बातमी आधीच फुटली होती. पोरींनी बॉबिनना हात लावला नाही. तारा भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी. मी हाक मारली तर मान फिरवली. बाकीच्या तिच्या बाजूच्या. मला वाटलं, निदान सरू तरी माझ्या बाजूची असेल, तिच्यासाठीच तर सगळं केलं. मी तिच्यापाशी गेले. म्हटलं, "तुला सोडून न्यायचं म्हणत होते त्या. मी नाही म्हटलं."

ती खाली बघत म्हणाली, "मला नसतंच घेतलं, बाई. मला म्हाइताय. पन मला तारीला बघायचं व्हतं. माझ्यासंगं असली की ती हळू पळते. ती येकटी कशी पळते ते मी कधी बघितलंच न्हाई."

मी म्हटलं, "जा, तिलाच सांग." ती गेली. दोघींचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने तारेने परकराचा ओचा खोचला आणि ती पळायला लागली. एकटी, गिरणीच्या भिंतीपासून फाटकापर्यंत आणि परत, पुन्हा पुन्हा. आधी सरू ओरडली, मग सगळ्याच ओरडायला लागल्या. समोरच्या चाळीतल्या बायका गॅलरीत आल्या. एक पोरगी पळत होती आणि सगळा वर्ग उभा राहून बघत होता. तुझ्या हिशेबाने अख्खा तास फुकट गेला. माझ्या हिशेबाने ना ओळ होती, ना शिस्त. वरच्या खिडकीत मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. मला तास थांबवता आला असता. मी थांबवला नाही.

घंटा झाल्यावर तारा धापा टाकत सरूजवळ जाऊन बसली. दोघी हसत होत्या. वर्ग रिकामा झाला तरी मी आवारातच उभी राहिले. तारेचं उत्तर हेच होतं का, यमू? का हे मी माझ्या सोयीसाठी धरून बसले आहे? मी आधी तुझ्या बाजूने बोलून बघते, मग माझ्या. तुझं बोलणं माझ्या तोंडी तितकं चांगलं वाटत नाही, आणि आता मला खोडून काढायला कुणी येत नाही.